बोअर गेजवर आणि सीएमएमवर बोअर ओके, मग गो गेज का अडकतो?

तुमचा प्रश्न असा: बेळगावच्या उद्यमबागेतल्या शॉपमध्ये बिडाच्या पातळ हाउसिंगचा ४० एच ७ बोअर (म्हणजे गोल भोक, मान्य व्यास ४०.००० ते ४०.०२५ मिमी) दोन पॉइंटच्या बोअर गेजवर सगळीकडे ४०.०१२ येतो. सीएमएमवर (प्रोब टेकवून पॉइंट मोजणारं मशीन) चार पॉइंट घेतले तरी ४०.०१२, फॉर्म (गोलाईतली चूक) शून्य. तरी गो प्लग गेज (किमान मापाचा, आत जायलाच हवा असा गेज) आत जात नाही.

मला पहिला संशय चकचा येतो. तीन जॉच्या चकमध्ये (मशीनवर जॉब धरणारी पकड) पातळ जॉब आवळला की तो तीन ठिकाणी दबतो. दबलेल्या अवस्थेत बोअर गोल कापला जातो, आणि चक सैल केला की भिंत मूळ जागी येऊन बोअर तीन लोबचा, म्हणजे तीन फुगवट्यांचा होतो. अशा बोअरमध्ये फुगवट्याच्या बरोबर समोर तेवढाच आत आलेला भाग असतो. त्यामुळे बोअर गेज कसाही फिरवा, व्यास तोच दिसणार.

सीएमएमवरही चार पॉइंट फसवतात. समजा एक पॉइंट ८ मायक्रॉन बाहेर पडला, तर समोरचा ८ आत आणि उरलेले दोन शून्यावर. सॉफ्टवेअर केंद्र ८ मायक्रॉन सरकवतं आणि चारही पॉइंट वर्तुळावर नेमके बसतात. फॉर्म शून्य छापून येतो, वर पोझिशनही चुकते. गेजला प्रत्यक्षात मिळणारी जागा ४०.०१२ वजा ०.०१६, म्हणजे ३९.९९६. ती ४० च्या खाली आहे, गेज अडकणारच.

म्हणून बोअरमध्ये वरती, मध्ये आणि तळाशी अशा तीन पातळ्यांवर प्रत्येकी किमान २५-३० पॉइंट घ्या, किंवा टच स्कॅनिंग करा. स्कॅनचा वेग मात्र बेताचा ठेवा, प्रोब उडाला की खोटा फॉर्म दिसतो. फिट तपासताना लीस्ट स्क्वेअर (सरासरी वर्तुळ) नको, मॅक्झिमम इन्स्क्राइब्ड (आत मावणारं सगळ्यात मोठं) वर्तुळ निवडा. क्लॅम्पने जॉब पुन्हा दाबला जात नाही ना, हेही बघा. लेझर स्कॅनर कास्टिंगचा प्रोफाइल आणि मशिनिंग अलाउन्स बघायला उत्तम, पण एच ७ बोअरचा निकाल त्याच्यावर देऊ नये.

तापमान इथे मुख्य कारण नाही. मापाचं प्रमाण तापमान २० अंश. एप्रिलमध्ये ३२ अंशांचा जॉब मोजला तर ४० मिमी बोअरला जेमतेम ५ मायक्रॉनचा फरक पडतो. ३०० मिमी सेंटर डिस्टन्सला मात्र तोच ४० मायक्रॉन होतो, म्हणून जॉब मोजण्याआधी काही तास सीएमएमच्या खोलीत ठेवाच.

खरी दुरुस्ती मशीनवर आहे. सॉफ्ट जॉ (चकचे कापता येणारे मऊ जॉ) जॉबच्या मापाला बोअर करून रुंद पकड द्या. रफ कट झाल्यावर चक सैल करा, कमी दाबावर पुन्हा धरा, मग फिनिश कट घ्या. पहिला जॉब उतरवला की गो गेज मशीनपाशीच लावून बघा.