एसीएचआर अँटीबॉडी टेस्ट निगेटिव्ह आली म्हणजे आईला मायस्थेनिया ग्रेव्हिस नाही असं समजायचं का? टेस्ट परत करावी का?

नाही, असं अजिबात समजू नका. मायस्थेनिया म्हणजे नसेचा निरोप स्नायूपर्यंत नीट न पोचल्याने स्नायू वापरता वापरता दमतात तो आजार. एसीएचआर हा स्नायूवरचा तो निरोप घेणारा रिसेप्टर, आणि ही टेस्ट रक्तात त्याच्याविरुद्धच्या अँटीबॉडी शोधते. तुम्ही लिहिलंय की संध्याकाळी आईच्या पापण्या मिटायला लागतात, जेवताना जबडा दमतो, आणि बाबा म्हणतात रिपोर्ट नॉर्मल आहे, आता विषय बंद. हे वाचलं आणि उत्तर लिहायलाच बसले, कारण आमच्या घरात अगदी हेच वाक्य फार दिवस चाललं.

माझ्या ताईला संध्याकाळ झाली की एकाचे दोन दिसायचे, वेणी घालताना हात आपोआप खाली यायचे, फोनवर बोलता बोलता आवाज नाकातून यायला लागायचा. सकाळी उठली की एकदम ठणठणीत. आणि अपॉइंटमेंट कायम सकाळची, त्यामुळे डॉक्टरांनी हात दाबून बघितला की ताकद पूर्ण. एसीएचआर केली, निगेटिव्ह आली, त्यांनी फाइलवर अँक्झायटी लिहिलं आणि झोपेची गोळी दिली. भाऊजींनी तो एक कागद धरून ठेवला. ताई म्हणाली चावून होत नाही, की हे म्हणणार ब्लडमध्ये काही नाही ना, मग मनाचं आहे, जरा बाहेर पड. शेवटी तिने सांगणंच बंद केलं. पाणी पिताना नाकातून यायला लागलं होतं तेही तिने कुणाला सांगितलं नाही, मला ते एकदा समोर बसून जेवताना दिसलं. मला सगळ्यात जास्त राग याचा आहे, त्या लॅबचा नाही.

आता टेस्टचं. मायस्थेनिया सगळ्या अंगात पसरलेला असेल तर एसीएचआर साधारण 85 टक्के लोकांत सापडते, फक्त डोळ्यांपुरता असेल तर जेमतेम निम्म्यात. म्हणजे डोळ्यांच्या पेशंटमध्ये निगेटिव्ह रिपोर्टवर आजार नाही म्हणणं हे मला तरी बेजबाबदारपणाचंच वाटतं. एसीएचआर निगेटिव्ह असलेल्या काहींमध्ये मस्क नावाची दुसरी अँटीबॉडी असते, ती 2001 मध्ये सापडली, त्याआधी ही सगळी माणसं सरसकट सेरोनिगेटिव्ह, म्हणजे रक्तात अँटीबॉडी न सापडणारी, म्हणूनच गणली जायची. मस्कवाल्यांमध्ये मान, चेहरा, गिळणं यावर जास्त परिणाम होतो आणि नेहमीची पायरिडोस्टिग्मिनची गोळी अनेकदा नीट लागू पडत नाही, म्हणून ती टेस्ट करून घ्या, तिच्यावरून पुढची औषधं बदलतात. एलआरपी4 ही तिसरी अँटीबॉडी त्यानंतरची, 2011 ची. आणि टेस्ट कुठल्या पद्धतीने केली तेही विचारा. काही अँटीबॉडी रिसेप्टर दाटीवाटीने असतील तरच चिकटतात, जसे ते स्नायूवर खरोखर असतात, त्या जुन्या पद्धतीत निसटतात आणि सेल बेस्ड अ‍ॅसेमध्ये, म्हणजे पेशींवर असे दाट रिसेप्टर ठेवून केलेल्या टेस्टमध्ये, सापडू शकतात.

ताईचं मस्कही निगेटिव्ह आलं. पण दुसऱ्या न्यूरोलॉजिस्टनी तिला मुद्दाम संध्याकाळी बोलावलं, वर बघत राहा म्हणाले, आणि बघता बघता एक पापणी खाली आली. बर्फ दोनेक मिनिटं ठेवला तर परत वर गेली. नसेला सारखा करंट देऊन करतात ती आरएनएस हातावर नॉर्मल आली होती, यांनी चेहऱ्याच्या स्नायूवर सिंगल फायबर ईएमजी, म्हणजे बारीक सुईने स्नायूच्या एकेका तंतूचे विजेचे सिग्नल बघायची तपासणी, केली आणि त्यात गडबड स्पष्ट दिसली. लक्षणं, तपासणी, ईएमजी, गोळीने पडलेला फरक, हे सगळं एकत्र ठेवून त्यांनी निदान केलं. मी तर म्हणेन पेशंटला ज्या वेळी त्रास होतो त्या वेळी बघायचं हे पहिल्याच दिवशी व्हायला हवं होतं. आईचे संध्याकाळचे व्हिडिओ काढून ठेवा, सकाळचाही एक काढा, दोन्ही शेजारी ठेवून दाखवा.

टेस्ट परत करायची का, तर हो, 6 ते 12 महिन्यांनी करतात, सुरुवातीला निगेटिव्ह असलेल्या काहींची नंतर पॉझिटिव्ह येते. पण तोपर्यंत ईएमजी अडवून ठेवू नका. आधीच स्टेरॉइड वगैरे चालू असेल तर ते डॉक्टरांना सांगा, त्याने अँटीबॉडी कमी दिसू शकतात. पायरिडोस्टिग्मिन चालू असेल तर ईएमजीआधी किती तास थांबवायची तेही विचारा, स्वतःहून बंद करू नका.

हेही सांगायला हवं की सिंगल फायबर ईएमजी इतर नसांच्या आणि स्नायूंच्या आजारांतही बिघडलेली येते, त्यामुळे एकट्या तिच्यावर शिक्का मारता येत नाही. लहानपणापासून त्रास असेल किंवा घरात अजून कुणाला असेल तर जन्मजात प्रकार असू शकतो, त्याला जीन टेस्ट लागते आणि प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं त्यात उपयोगी नसतात. मी डॉक्टर नाही, आईला खरंच दुसरं काही निघू शकतं. पण गिळताना ठसका लागत असेल, आडवं झाल्यावर दम लागत असेल तर कुठल्याही रिपोर्टची वाट न बघता इमर्जन्सीत न्या.

आणि पुढच्या वेळी बाबांनाही केबिनमध्ये घेऊन जा. भाऊजी कायम बाहेर बसायचे, फक्त कागद वाचायचे, आणि आजही पाहुण्यांसमोर सांगतात की हिच्या रक्तात तर काहीच सापडलं नव्हतं. त्यांनी ती पापणी खाली येताना बघितली असती तर हे वाक्य त्यांच्या तोंडून निघालं नसतं. बाबांना आईच्या समोरच्या खुर्चीत बसवा, आणि निगेटिव्हचा अर्थ काय ते डॉक्टरांकडूनच त्यांना ऐकू दे.