लेक्चरसाठी यूट्यूब उघडण्याआधी

वेळ लेक्चरमध्ये जात नाही, ते संपल्यावर जातो. ऑटोप्ले चालू असेल तर पुढचा व्हिडिओ काही सेकंदांत आपोआप सुरू होतो, म्हणून ते बटण आधी बंद कर. मग पाहिलेल्या व्हिडिओंचा इतिहास पुसून टाक आणि त्याची नोंदही थांबव. होम पानावरच्या शिफारशी जवळजवळ नाहीशा होतात. नुसता पुसून नोंद चालू ठेवली, तर सगळं हळूहळू परत येतं.

शॉर्ट्स पूर्ण टाळच. रोजचा अर्धा तास म्हणजे महिन्याला 15 तास, अख्खा एक कठीण धडा!

40 मिनिटांचं लेक्चर दर 10 मिनिटांनी थांबव आणि स्क्रीनकडे न बघता मुद्दे वहीत उतरव. नुसतं बघत राहिलं की समजल्यासारखं वाटतं, पण गणित सोडवायला बसल्यावर हात अडतो.