ट्रॅमाडॉल या अफूच्या जातीच्या, दुखण्यावरच्या औषधाची गोळी चुकली की वडिलांना घाम फुटतो. हे व्यसन झालं का? गोळ्या लपवाव्यात का?

लपवू नका, हात जोडून सांगतो. माझ्या घरच्यांनी तेच केलं होतं.

मी सोलापुरात अक्कलकोट रोडला यंत्रमागावर होतो. मणक्याच्या ऑपरेशननंतर ५० मिलिग्रॅमच्या दोन गोळ्या सुरू झाल्या, वर्षभरात मी आपल्या मनानेच सहावर गेलो. बायकोने स्ट्रिपा लपवल्या. रात्री जांभया थांबेनात, नाकडोळ्यांतून पाणी, आणि मे महिन्याच्या उकाड्यात अंगावर काटा! गार फरशीवर आडवा झालो तर पाय आपोआप झटकायला लागले. जुलाब वेगळेच. तिसरी रात्र सगळ्यात वाईट. चौथ्या दिवशी पुन्हा गोळी घेतली.

नंतर डॉक्टरांनी समजावलं. अफूसारख्या असरामुळे ही गोळी मेंदूतला अंगाला सावध ठेवणारा भाग दाबून धरते, तर शरीर उलटा जोर लावून तोल सांभाळतं. गोळी एकदम काढली की तो जोर उसळतो, म्हणून घाम आणि धडधड. ट्रॅमाडॉल मेंदूतल्या सेरोटोनिन या रसायनावरही काम करतं, त्यामुळे काहींना भीती दाटून येते. गोळी सुटल्यावरचा हा त्रास डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे गोळी घेणाऱ्यालाही होतो. नुकसान दिसत असूनही हात थांबत नाही, चोरून घ्यावी लागते, ते व्यसन. माझं दोन्ही झालं होतं. तुमच्या वडिलांना नुसत्या घामावरून व्यसनी ठरवू नका.

माझी दर पंधरा दिवसांनी एक गोळी कमी केली. शेवटची सोडताना सगळ्यात जड गेलं, तिथे महिना लागला. काहींना ब्युप्रेनॉर्फिन हे अशा गोळ्या सोडवायला वापरायचं औषध देतात. ते डॉक्टरच ठरवतील.

एक गोष्ट मात्र घरात सगळ्यांना सांगून ठेवा. गोळी काही दिवस बंद राहिली की शरीराची सवय मोडते, मग जुना डोस एकदम घेतला तर श्वास थांबू शकतो. सोबत दारू किंवा झोपेची गोळी असेल तर धोका आणखी वाढतो. दिवसाला ४०० मिलिग्रॅमच्या वर गेलं तर फिट येण्याची भीती असते.

२०१८ पासून ट्रॅमाडॉल अमली पदार्थांच्या कायद्याखाली आहे, चिठ्ठीशिवाय मिळायला नको. बाहेरून आणत असतील तर रागावू नका, दिवसाला नेमक्या किती घेतात तेवढं विचारा. मला ते कुणी विचारलंच नव्हतं. रिकाम्या स्ट्रिपा पिशवीत घालून त्यांच्यासोबत मानसोपचार ओपीडीत जा. तोवर १४४४६ या व्यसनमुक्तीच्या सरकारी नंबरवर बोलता येईल.