सागरतळाखालचा खडक डोंगरावर

प्रश्न : पूर्व लडाखमध्ये निदर गावाजवळ काळपट हिरवा, हाताला तुळतुळीत लागणारा खडक पाहिला. तो समुद्राच्या तळाचा असल्याचे वाटाड्याने सांगितले. हे खरे का? आणि तो इतका गुळगुळीत कशामुळे?

उत्तर : वाटाड्याने थोडे कमीच सांगितले. आपण पाहिलेला खडक सर्पेंटिनाइट असावा. त्याचा पूर्वज पेरिडोटाइट हा समुद्रतळाच्याही खालचा, म्हणजे सहा-सात किलोमीटर जाडीच्या सागरी कवचाखाली असणाऱ्या प्रावरणातला. ऑलिव्हीन आणि पायरोक्सीन ही त्याची मुख्य खनिजे असून सिलिका ४५ टक्क्यांहून कमी असल्याने त्याला अत्यल्पसिकत किंवा अल्ट्रामॅफिक खडक म्हणतात. प्रावरणातला पेरिडोटाइट थोडासा वितळला की बेसाल्टचा शिलारस निघतो. निदरचा पेरिडोटाइट म्हणजे रस निघून गेल्यावर मागे राहिलेले चिपाड.

भारत आणि आशिया यांच्यामधला टेथिस महासागर मिटत गेला, तेव्हा त्याचा बहुतेक तळ आशियाखाली गेला. पण काही तुकडे खालच्या प्रावरणासकट वर ढकलले जाऊन सिंधू नदीलगतच्या सांध्यात अडकले. अशा तुकड्यांना ओफिओलाइट म्हणतात. ग्रीक भाषेत ‘ओफिस’ म्हणजे साप, आणि खडकावरची हिरवी-काळी नक्षी पाहिली की हे नाव का पडले ते कळते.

गुळगुळीतपणा पाण्याने आणला. भेगांतून शिरलेल्या पाण्याशी ऑलिव्हीनचा संयोग होऊन सर्पेंटाइन हे सर्पेंटिनाइटचे मुख्य खनिज तयार होते, आणि त्याच्या वजनाचा सुमारे १३ टक्के भाग पाणीच असते. घनता ३.३ वरून २.६ च्या आसपास उतरते, म्हणजेच खडक फुगतो, तडकतो, आणि मऊ झालेले तुकडे एकमेकांवर घासून चकचकीत होतात. ऑलिव्हीनमधल्या लोहापासून मॅग्नेटाइट बनते, त्यामुळे दोऱ्याला टांगलेले लोहचुंबक अशा खडकाजवळ नेले तर ते सहसा त्याच्याकडे झुकते. याच प्रक्रियेत हायड्रोजनही सुटतो.

मात्र गोष्ट इथे थांबत नाही, आणि मला तरी पुढचा भाग अधिक रंजक वाटतो. हा खडक पुन्हा तापला तर आत घेतलेले पाणी सोडून देतो. उत्तर इटलीतील आल्प्समधल्या मालेन्को खोऱ्यात सर्पेंटिनाइट आधीच तयार झालेला होता. सुमारे तीन कोटी वर्षांपूर्वी शेजारच्या बेर्गेल भागात ग्रॅनाइटसारख्या खडकाचा तप्त शिलारस घुसला. त्या शिलारसाच्या सीमेकडे चालत गेल्यास सर्पेंटाइन संपून आधी ऑलिव्हीन आणि संगजिरे, पुढे ऑलिव्हीन आणि अँथोफिलाइट अशा खनिजांच्या जोड्या लागतात. उष्णता वाढत गेल्याचा तो दगडात उमटलेला आलेखच होय.

तेव्हा पर्वतात ऑलिव्हीन दिसले की ते थेट प्रावरणातून आले, असे लगेच समजू नये. मालेन्कोतले ऑलिव्हीन तिथेच, डोंगराच्या पोटात जन्मले, आणि सूक्ष्मदर्शकाखाली त्याच्या स्फटिकांत जुन्या सर्पेंटिनाइटमधले मॅग्नेटाइटचे काळे कण अडकलेले दिसतात.