केजी म्हणजे वजन नव्हे

जुन्या सायकलींची विचारपूस : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

प्रश्न : मी शिकागोजवळ नेपरव्हिलला राहतो. इथल्या एका गराज सेलमध्ये दोघांनी मिळून चालवायची जुनी सायकल घेतली. विकणारे आजोबा म्हणाले, ‘१९३०च्या सुमाराची आहे, तळ्याकाठच्या एका हॉटेलातली.’ चेनकव्हरवर पुसट ‘आयएनएन’ अशी अक्षरं आहेत, इंग्रजीत ‘इन’ म्हणजे छोटं हॉटेल, त्यामुळे मलाही ते पटलं. हँडलखालच्या उभ्या नळीवर ‘केजी’ आणि पुढे सहा आकडे ठोकलेले आहेत. हे वजन असेल का? वर कंपनीचा बिल्ला नाही, नुसती दोन भोकं आहेत. मागे पाच गिअर. दोन्ही चेन उजव्याच बाजूला. लहानपणी पुण्यात बाबांच्या सायकलच्या कॉटरपिना मीच ठोकायचो, पण हिला कॉटरपिनच सापडत नाही. रंग लाल आहे, हाताने फासल्यासारखा. मॉडेल कोणतं, वय किती, आणि नवा रंग देऊ का?

उत्तर : आजोबांचं हॉटेल विसरा. चेनकव्हरवर ‘इन’ उरलंय, कारण त्याआधीची अक्षरं उडाली आहेत. मूळ शब्द ‘ट्विन’. शिकागोच्या श्विन कंपनीने आपल्या टँडमला, म्हणजे दोघांच्या सायकलला, हे नाव दिलं आणि कंपनीच्या नावाशी जुळावं म्हणून शेवटी दोन एन लावले. जुनी वस्तू विकणाऱ्याला गोष्ट सांगायचा हक्क आहेच, आपण फक्त पैसे सायकलचे मोजावेत, गोष्टीचे नाही.

तुम्हाला कॉटरपिन सापडली नाही, हाच मला सगळ्यात भक्कम पुरावा वाटतो. आपल्याकडच्या सायकलला मधला धुरा वेगळा आणि पायडलचे दोन दांडे वेगळे, पिन ठोकून बसवलेले. श्विनच्या त्या काळच्या बहुतेक सायकलींना दोन्ही दांडे आणि धुरा मिळून एकच वाकवलेला लोखंडी तुकडा असतो. तो चौकटीतून साप काढावा तसा वळवत बाहेर घ्यावा लागतो. अशा दांड्याच्या डाव्या बाजूला चक्र बसवणं अवघड, म्हणून पुढच्या स्वाराची चेनसुद्धा उजवीकडेच येते. इंग्रजी आणि फ्रेंच टँडमला ही जोडचेन बहुधा डावीकडे असते.

आता नळ्यांच्या जोडांवर बोट फिरवा. आपल्या काळ्या सायकलींच्या जोडांवर बाहेरून लोखंडी लग, म्हणजे जोड पकडणाऱ्या बाह्या, बसवलेले दिसतात. तुमच्या सायकलला ते नसतील. श्विनच्या कारखान्यात नळ्या विजेने तापवून थेट एकमेकींना जोडत आणि जोड घासून गुळगुळीत करत. अशी चौकट जड होते, पण मोडत नाही. शंका उरलीच तर रिमवरचा ठसा वाचा, एस आणि पुढे आकडा असेल. त्याकडे पुन्हा येतो.

वयाचं उत्तर ‘केजी’मध्ये आहे. १९६५पासून श्विनच्या चौकट-क्रमांकातलं पहिलं अक्षर महिना सांगत असे आणि दुसरं वर्ष. आय आणि ओ ही अक्षरं एक आणि शून्यासारखी दिसतात म्हणून गाळलेली. तेव्हा ए जानेवारी, एच ऑगस्ट, जे सप्टेंबर, के ऑक्टोबर. वर्षासाठी ए म्हणजे १९६५, तिथून मोजत जी म्हणजे १९७१. तुमचा क्रमांक ऑक्टोबर १९७१चा. जागाही जुळते : १९७०च्या आधी हा ठसा मागच्या चाकाच्या डाव्या खाचेपाशी असे, नंतर तो हँडलच्या नळीवर आला.

पण हा दिवस क्रमांक ठोकल्याचा, सायकल तयार झाल्याचा नव्हे. ऑक्टोबरात ठोकलेला क्रमांक पुढच्या हंगामाच्या सायकलला लागणं साहजिक, म्हणून मी हिला १९७२चं मॉडेल म्हणेन. पाच गिअर मूळचेच असतील तर ‘डिलक्स ट्विन’. साध्या ट्विनला गिअर नसत, ब्रेक पायडल उलटं दाबून लागे. सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धातल्या बिल्ल्यांवर चार आकडे असतात : १२३७ म्हणजे १९७७चा १२३वा दिवस, ३ मे. तुमचा बिल्ला असता तरी त्यावर ते मिळाले नसते, तेव्हा हळहळू नका.

रंग देऊ नका. आधी चेनकव्हरच्या पट्ट्या सोडवून त्यांच्याखाली पाहा, मग मधला धुरा काढून नळीच्या आत पाहा. तिथे लिंबासारखा पिवळा निघाला तर तो श्विनचा ‘कूल लेमन’, सत्तरीच्या सुरुवातीचा लाडका रंग. लालाखाली तो बराचसा शाबूत असण्याची शक्यता आहे. एका कोपऱ्यावर सौम्य द्रावण लावून बघा, सॅंडपेपर हातात घेऊ नका.

आणि टायर घ्यायच्या आधी रिमवरचा तो आकडा वाचाच. एस-५ किंवा एस-६ असेल तर ५९७ मिलिमीटरचा टायर लागेल, एस-७ असेल तर ५७१चा. दुकानातला नेहमीचा २६ बाय १ ३/८ हा ५९० मिलिमीटरचा असतो. बाजूवर छापलेलं माप तेच, पण सात मिलिमीटरने तो रिमवर चढणार नाही. यात लोकांनी नखं मोडून घेतली आहेत.

किमतीचं विचारलं नाहीत, तरी सांगतो : ट्विन दुर्मीळ नाही. घरातल्या कुणाला तरी मागे बसवा आणि चालवा. मागच्यालाही पायडल मारावंच लागतं, आपल्याकडच्या डबलसीटसारखं नुसतं बसून चालत नाही.

प्रश्न : इंग्लंडमधल्या लेस्टरहून. आमच्या टँडमवर नाव नाही. मागच्या हबवर, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्यावर, ‘एडब्ल्यू’ आणि ‘५१ ९’ असं आहे. सायकल १९५१ची धरू का?

उत्तर : हब १९५१च्या सप्टेंबरचा धरा. एडब्ल्यू हा नॉटिंगहॅमच्या स्टर्मी-आर्चरचा तीन गिअरचा हब, त्यावर वर्ष आणि महिना ठोकलेला असतो. सायकलचं वय त्याने ठरत नाही, कारण सत्तर वर्षांत चाक सहज बदललेलं असू शकतं. पायडलच्या दांड्यांची मागची बाजू पुसा. विल्यम्सचे असतील तर तिथे वर्षाची बारीक खूण असते. ती हबच्या वर्षाजवळ आली तर चौकटही त्याच सुमाराची समजायला हरकत नाही.

बनवणाऱ्याचं नाव नसेल तर चौकटीच्या नुसत्या आकड्याचा उपयोग नाही. त्या काळी इंग्लंडात टँडम बांधणारे छोटे कारखाने खूप होते आणि प्रत्येकाची आकड्यांची रीत निराळी. तिथल्या व्हेटरन-सायकल क्लबात एकेका कंपनीचे जाणकार आहेत, त्यांना विचारा. सोबत चौकटीचा बाजूने घेतलेला फोटो हवा, मागच्या स्वाराखालच्या नळ्या कशा जातात ते दिसेल असा. क्रमांकाचा ठसा फोटोत उठत नसेल तर त्यावर पातळ कागद धरून पेन्सिल आडवी घासा आणि तो कागद पाठवा.