मामाला सांगा, गुऱ्हाळावर न्या

प्रश्न : आमची मुलगी डिसेंबरात सात वर्षांची होईल. मागच्या वाढदिवसाची निम्मी खेळणी अजून खोक्यातच आहेत, माळ्यावर जागा नाही. ‘भेटवस्तू आणू नका’ म्हटलं की सासूबाई, नणंद आणि कागलकडे शेती करणारा माझा भाऊ, सगळेच नाराज होतात. रिकाम्या हातानं कसं यायचं म्हणतात. काय करावं?
— एक आई, राजारामपुरी

उत्तर : ताई, त्यांचंही खरं आहे. लेकराच्या वाढदिवसाला रिकाम्या हातानं जाणं आपल्याकडे कुणाच्याही जिवावर येतं. म्हणून ‘नको’ म्हणू नका, मागून घ्या. प्रत्येकाकडून वेगळं, ज्याच्याजवळ जे आहे ते.

भावापासून सुरुवात करा. डिसेंबरात गुऱ्हाळं ऐन भरात असतात. भाचीला आणि तिच्या दोन-चार मैत्रिणींना एक दिवस तिकडे ने, म्हणावं. कोल्हापूरची पोरं गूळ रोज खातात, पण तो होताना किती जणींनी पाहिलाय? घाण्यातला उसाचा रस काहिलीत, म्हणजे मोठ्या पसरट कढईत पडतो, खाली चुलवाणात चिपाडं सारत राहतात. रस तापला की त्यातली घाण, म्हणजे मळी, वर येते. ती नीट सुटावी म्हणून भेंडीचं चिकट पाणी घालतात आणि वर आलेली मळी काढत राहतात. रस आटत आला की त्याचा रंग पालटतो, रटरटण्याचा आवाजही जड होतो. मग गुळव्या थोडा पाक गार पाण्यात सोडतो आणि बोटांनी गोळी वळते का बघतो. ती गार झालेली गोळी मुलीच्या तळहातावर ठेवायला सांगा. मात्र काहिलीजवळ पोरींना मोकळं सोडायचं नाही, मोठ्या माणसानं हात धरूनच उभं राहायचं, हे भावाला बजावून ठेवा. तिथूनच गुळाचे छोटे रवे, म्हणजे लहान ढेपा, करून आणले तर वाढदिवसाला येणाऱ्या मुलांना परत द्यायची भेटही झाली. ते प्लॅस्टिकचे पाऊच आणि पेन्सिली कुणाच्याच घरी टिकत नाहीत.

मी प्राथमिक शाळेत शिकवायचे. वाढदिवस झालेल्या मुलाला काय मिळालं विचारलं की ‘गाडी’, ‘बाहुली’ म्हणून ते खाली बसायचं. पण आजोबांबरोबर पन्हाळ्याला जाऊन आलेलं पोर थांबता थांबायचं नाही, गणिताचा तास त्यात जायचा. मी तो जाऊ द्यायचे.

सासूबाईंकडून वाकळ, म्हणजे जुन्या कपड्यांची गोधडी, मागा. नातीचे आखूड झालेले फ्रॉक, तुमची एखादी मऊ पडलेली साडी, त्यांचं जुनं लुगडं असं काढून द्या. पण वाढदिवसाला तयार वाकळ हातात ठेवायची नाही. त्या दिवशी फक्त थर लावून कडेनं टाचून घ्यायचे आणि पहिला धावदोरा नातीला घालू द्यायचा. पुढं रोज संध्याकाळी दोघींनी मिळून थोडं थोडं शिवायचं. सात वर्षांच्या मुलीचे टाके वाकडेतिकडे पडणारच. ते उसवू नका, असं सासूबाईंना आत्ताच सांगून ठेवा. हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

नणंदबाईंनी वाचनालयाची वर्गणी भरावी. आपल्याकडे करवीर नगर वाचन मंदिर १८५० पासून आहे. पैसे देऊन मोकळं व्हायचं नाही, पहिलं पुस्तक निवडायला आत्यानं स्वतः न्यायचं आणि पुस्तक भाचीनं निवडायचं. शेजारच्या काकांना फुटबॉलचं वेड असेल तर शाहू स्टेडियमवरचा एक सामना त्यांच्याकडून घ्या.

काहीजण सुचवतील की खेळणी गरीब मुलांना वाटून टाका, तिला चांगलं वळण लागेल. वाटा, पण वाढदिवसाच्या दिवशी नको आणि तिला न विचारता तर नकोच. आपल्या दिवशी आपलीच वस्तू हातातून गेली की मुलाला देण्याचीच धास्ती बसते. दिवाळीच्या आवराआवरीत तिला शेजारी बसवा, काय द्यायचं ते तिला ठरवू दे. आणि ती वर्षभर एखाद्या खेळण्यासाठी हट्ट धरून असेल तर तेवढं एक तुम्ही दोघांनी जरूर आणा.

हे सगळं आठ-दहा दिवस आधी फोनवर बोला, आमंत्रणाच्या मेसेजमध्ये नुसतं लिहून पाठवू नका, तुटक वाटतं. एवढं करूनही नणंदबाई खोकं घेऊन आल्याच तर ते माळ्यावर टाकू नका. त्यांच्यासमोर उघडा आणि मुलीला त्याच्याशी खेळू द्या. आत्याला तेच बघायचं असतं.