वृत्तपत्र मोबाइलवर नेण्यापूर्वी : एक पत्र

प्रिय,

सप्रेम आशीर्वाद.

तुझे पत्र मिळाले. वृत्तपत्र मोबाइलवर नीट वाचले जावे यासाठी प्रकाशकाने काय तयारी करावी, याचा आराखडा तुझ्याकडून मागितला गेला आहे, आणि त्यात ‘अ‍ॅप कोणाकडून करून घ्यावे’ हा प्रश्न तू सर्वांत वर ठेवला आहेस. मी तो सर्वांत खाली ठेवीन. अ‍ॅप बाहेरून करून घेता येते. जिला खरी तयारी म्हणावी ती मात्र उपसंपादकाच्या टेबलावर, बातमी हातात येते त्या क्षणापासून सुरू होते, आणि ती दुसऱ्या कोणाला कंत्राटाने देता येत नाही.

एक साधी गोष्ट मोजून पाहा. छापील दैनिकाचा स्तंभ साधारण चार-पाच सेंटिमीटर रुंद असतो आणि उभ्या धरलेल्या मोबाइलचा पडदा सहा-सात. म्हणजे अरुंद ओळींची सवय वाचकाला आधीपासून आहे. मोबाइलवर तो स्तंभाला मुकत नाही, तर पानाला मुकतो. आठ स्तंभी मथळा, त्याखालचे मोठे छायाचित्र, तळाची अँकर म्हणजे पानाच्या पायथ्याशी आडवी लावलेली वाचनीय बातमी, कोपऱ्यातली चौकट या मांडणीतून संपादक एक शब्दही न बोलता सांगत असतो की आज हे मोठे, हे त्याहून लहान, आणि हे सावकाश वाचलेत तरी चालेल. मोबाइलवर सगळ्या बातम्या एकाखाली एक, एकाच आकाराच्या मथळ्यांनी येतात आणि त्यांचा क्रमही पुष्कळदा यंत्र ठरवते. वाचक आपल्याला पैसे देतो तो मुख्यतः या निवडीसाठी. तेव्हा मोबाइलवर न्यायची आहे ती ही निवड. पानाचे चित्र तिथे नेऊन भागत नाही.

नेमकी हीच गल्लत आम्ही केली होती. मी ज्या दैनिकात होतो तिथे छापील पानांची पीडीएफ रोज पहाटे चढवली जाई आणि तिला आम्ही मोठ्या अभिमानाने मोबाइल आवृत्ती म्हणत असू. एकदा मी एका जुन्या वर्गणीदाराच्या शेजारी बसून ते ती कशी वाचतात हे पाहिले. त्यांनी पान उघडले, दोन बोटांनी मोठे केले, डावीकडे सरकवले, पहिला स्तंभ तळापर्यंत वाचला आणि दुसऱ्याचा माथा शोधायला वर गेले तो जाहिरातीत जाऊन पोचले. पुन्हा पान लहान केले, पुन्हा मोठे केले. चौथ्या खेपेला फोन बाजूला ठेवून त्यांनी मलाच विचारले, “मग पुढे काय झाले?” बातमी आमची, छापलेली आमची, आणि ती तोंडी सांगण्याची वेळ आमच्यावर आली. पीडीएफ बंद कर असे मी म्हणत नाही. अंकाला सुरुवात आणि शेवट असतो, आज पुरते वाचून झाले हे समाधान असते, आणि त्यासाठी ती जपणारे वाचक आहेत. फक्त तिला तयारी समजू नकोस.

तयारीचा गाभा असा की बातमी पानापासून सुटी करून साठवायची. मथळा, मोबाइलसाठीचा छोटा मथळा, दोन ओळींचा सारांश, बातमीदाराचे नाव, स्थळ, तारीख, विषय, छायाचित्र, त्याची फोटोओळ, पार्श्वभूमीचा मजकूर आणि झालेली दुरुस्ती या प्रत्येकाला संगणकात स्वतंत्र घर हवे. मग त्यांतून छापील पान, मोबाइलचा पडदा, फोनवर येणाऱ्या सूचनेची (नोटिफिकेशनची) एक ओळ किंवा उद्या येईल ते आणखी काही जुळवता येते. अमेरिकेतल्या एनपीआर या सार्वजनिक रेडिओने २००९ च्या सुमारास ‘एकदाच तयार करा, सगळीकडे प्रसिद्ध करा’ असे याचे सूत्रच केले होते. सांगायला सोपे आहे, पण डेस्कवर ते का मोडते हे तुला ठाऊक असायला हवे. अखेरच्या घाईत उपसंपादक दुरुस्त्या थेट पानावर करतो. तिथेच शेवटचा परिच्छेद उडवतो, तिथेच आकडा बदलतो, तिथेच नाव सुधारतो आणि पान सोडतो. मूळ मजकूर तसाच राहतो आणि मोबाइलवर जातो तो तोच. आमच्याकडे एका अपघाताच्या बातमीत छापील अंकात जखमी सात होते आणि मोबाइलवर सतरा. खुलासा मागणारा फोन आला तेव्हा आम्ही छापील अंक काढून तावातावाने वाचून दाखवला. समोरच्याने शांतपणे त्याच्या फोनवरची बातमी वाचून दाखवली. तेव्हा शेवटची दुरुस्ती पानावर न करता मूळ मजकुरात व्हावी आणि पानाने ती तिथून उचलावी, एवढी एक शिस्त बसवलीस तरी आराखड्याचे अर्धे काम होईल. विरोधही याच शिस्तीला सर्वांत जास्त होईल, कारण ती रात्री अकरा वाजता पाळायची असते.

लिपीचाही प्रश्न यातच येतो. देवनागरीसारख्या लिपींत अनेक वर्षे ज्या जुन्या फॉन्टांत पाने लागली, त्यांचा मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या यंत्रांना सारखीच कळणाऱ्या अक्षरसंकेतांत, नाही. तो मोबाइलवर नेला की अक्षरांच्या जागी भलत्याच खुणा दिसतात. रूपांतर करणारी साधने आहेत, पण जोडाक्षरे, रफार आणि ऱ्हस्व वेलांटी इथे ती हमखास घसरतात, म्हणून रूपांतरित मजकूर माणसाने वाचल्याशिवाय पुढे सोडू नये. सुंदर दिसतो म्हणून मथळा चित्र करून टाकण्याची खोडही मोडावी लागेल, कारण चित्रातली अक्षरे शोधयंत्राला सापडत नाहीत आणि दृष्टिहीन वाचकाचा फोन ती वाचून दाखवू शकत नाही.

आता भाषेकडे वळतो. इथे मी थोडा रेंगाळेन, कारण तंत्रज्ञ याबद्दल काही बोलणार नाहीत. छापील मथळा पानाच्या आधाराने उभा असतो. ‘अखेर निर्णय झाला’ हा मथळा छायाचित्राखाली आणि उपमथळ्याच्या वर शोभतो. तोच फोनच्या कुलूपबंद पडद्यावर एकटा आला की कोणाचा निर्णय, कशाबद्दल, काहीच कळत नाही. म्हणून मोबाइलचा मथळा कर्ता आणि क्रिया घेऊन आला पाहिजे. उलट टोकाला जाऊन ‘पुढे जे घडले ते वाचून थक्क व्हाल’ अशा वळणाला मात्र जाऊ देऊ नकोस. त्या मथळ्यावर वाचक एकदा बोट ठेवतो आणि नंतर तुमच्या नावापासूनच सावध होतो. ‘वरील छायाचित्रात’, ‘शेजारच्या चौकटीत’, ‘पान पाचवर’ हे शब्द मोबाइलवर पोरके होतात. ‘आज’ आणि ‘काल’ यांचेही तसेच: बातमी तीन दिवसांनी कोणीतरी कोणाला पाठवते आणि ‘आज’ खोटा ठरतो. त्यामुळे वार आणि तारीख लिहावी. दुरुस्ती केली तर ती कधी केली आणि काय बदलले हे बातमीतच नोंदवावे; छापील चुकीचा खुलासा दुसऱ्या दिवशी आतल्या पानावर देऊन सुटता येते, पण फोनवरची चूक वर्षानुवर्षे तशीच उघडी राहते.

पडद्यामागच्या बाबींत वेग महत्त्वाचा. पानातला मुख्य मजकूर अडीच सेकंदांच्या आत दिसावा हा गूगलचा निकष आहे आणि तो ध्येय म्हणून चांगला आहे. वाचक वाचत असताना वरून जाहिरात उतरते, ओळी खाली ढकलल्या जातात आणि बोट भलतीकडेच पडते, हा अनुभव तुलाही असेल. जाहिरातीची जागा आधीच राखून ठेवली की तो टळतो. जाहिरात विभाग सुरुवातीला कुरकुर करील. सगळे तपासताना कार्यालयातल्या उत्तम फोनवर आणि वेगवान जोडणीवर तपासू नकोस. चार वर्षे जुना, साठवण भरलेला, काचेला तडा गेलेला फोन घे, उन्हात उभा राहून वाचता येते का ते पाहा, मग जोडणी बंद कर आणि सकाळी उतरवून घेतलेला अंक उघडतो का ते पाहा. प्रवासात वाचणाऱ्याला याच गोष्टीचे मोल असते.

परक्या मंचांबद्दल मी तुझ्याहून अधिक साशंक आहे. अ‍ॅपलने वृत्तपत्रे-मासिकांसाठी २०११ मध्ये न्यूजस्टँड हे फोनमधले खास कपाट काढले आणि २०१५ मध्ये ते गुंडाळले. फेसबुकने २०१५ मध्ये इन्स्टंट आर्टिकल्स, म्हणजे बातमी फेसबुकमध्येच झटकन उघडण्याची सोय, आणली, त्यासाठी कित्येक प्रकाशकांनी आपली यंत्रणा बदलली, आणि २०२३ मध्ये तीही बंद झाली. अशा मंचांवर बातमी जरूर द्यावी, पण भाड्याच्या खोलीत भिंती पाडून बांधकाम करू नये. ‘फायनान्शियल टाइम्स’ने २०११ मध्ये वेगळी वाट धरली: अ‍ॅपमधून घेतलेल्या वर्गणीचा ३० टक्के वाटा आणि वाचकाशी असलेले थेट नाते, दोन्ही अ‍ॅपलकडे जात होते, म्हणून त्यांनी ब्राउझरमध्येच चालणारी आवृत्ती काढली. वर्गणीदाराचा पत्ता आपल्या वहीत असणे हे छापील काळात आपण इतके गृहीत धरले होते की ते हातचे गेल्यावरच त्याची किंमत कळली.

शुल्क कसे लावावे हा स्वतंत्र पत्राचा विषय आहे. एवढेच सांगतो की ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने मार्च २०११ मध्ये सुरुवात केली ती महिन्याला वीस लेख मोफत ठेवून, आणि वर्षभराने ते दहावर आणले. दार एकदम लावले नाही, हळूहळू ओढले.

तुझ्या वरिष्ठांना उदाहरणे आवडत असतील तर ही दोन शेजारी ठेव. न्यूज कॉर्पोरेशनने फेब्रुवारी २०११ मध्ये केवळ आयपॅडसाठी ‘द डेली’ हे दैनिक काढले. ते डिसेंबर २०१२ मध्ये बंद पडले. कॅनडातल्या माँट्रियलच्या ‘ला प्रेस’ या दैनिकाने एप्रिल २०१३ मध्ये टॅब्लेटसाठी नव्याने रचलेली, मोफत आवृत्ती काढली, २०१६ च्या सुरुवातीपासून सोमवार ते शुक्रवारचा छापील अंक थांबवला आणि २०१७ च्या अखेरीस शनिवारचाही. दोघांकडे चांगले अ‍ॅप होते. माझ्या मते फरक असा की ‘ला प्रेस’कडे वाचक, बातमीदार आणि जाहिरातदार आधीचेच होते आणि त्यांना हात धरून नव्या जागी नेण्याला त्यांनी काही वर्षे दिली, ‘द डेली’ला वाचक शून्यापासून, तेही एकाच यंत्राच्या मालकांतून गोळा करायचे होते.

शेवटी माणसांविषयी. जून २०१५ मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने आपल्या मुख्य कार्यालयातल्या संगणकांवर स्वतःच्याच संकेतस्थळाचे मुखपृष्ठ आठवडाभर बंद ठेवले, म्हणजे कर्मचाऱ्यांनी आपले काम फोनवर पाहावे. तुला इतके करण्याचा अधिकार नसेल. सकाळच्या बैठकीत छापील अंकाची चिरफाड होते तेव्हा मात्र तोच जुना, तडा गेलेला फोन टेबलावर फिरव आणि प्रत्येकाला आपापली बातमी त्यावर शेवटपर्यंत वाचायला सांग. कोण कुठे अडखळले याची आठवडाभर नोंद ठेव आणि ती मला पाठव. अ‍ॅपवाल्याला बोलावण्याआधी आपण दोघे ती पाहू.

तुझा शुभचिंतक